सात नंबर, मोकळा!

“काय पाहिलंस?”

कुबोता-साननी विचारलं आणि हातातली तपासणीची हातोडी माझ्या हेल्मेटवर टक्कन मारली. लागलं नाही. लागावं म्हणून मारलीच नव्हती. आवाज व्हावा आणि शेडमधल्या वीस-बावीस माणसांनी माना वळवाव्यात, एवढ्यासाठी मारली होती.

“बोल्ट ठीक आहे,” मी म्हणालो.

“काय म्हणालास ते मी ऐकलं. काय पाहिलंस ते विचारतोय.”

मी पुन्हा वाकून पाहिलं. बोल्ट घट्ट बसवला की त्याच्यावर आणि नटावर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवतात. नट फिरला की रेघ तुटते, म्हणजे आंधळ्यालाही कळावं. चारपैकी तिसऱ्या बोल्टावरची रेघ चांगली बोटभर सरकली होती आणि मी त्याच्याकडे बोट रोखून, खणखणीत आवाजात ‘तीन नंबर, ठीक!’ म्हणून पुढे गेलो होतो.

जपानमधल्या रेल्वेची ही रीतच आहे. सिग्नल असो, दरवाजा असो, साधा बोल्ट असो. आधी पाहायचं, मग हात लांब करून बोट दाखवायचं आणि जे दिसलं ते मोठ्यांदा म्हणायचं. डोळा चुकला तर हात सावध करतो, हात चुकला तर कान. पहिल्या आठवड्यात मला ते नाटक वाटलं होतं. नंतर सवय झाली, आणि सवय झाली तिथेच घात झाला.

“उद्यापासून सात दिवस सकाळच्या हजेरीला पुढे उभं राहायचं,” कुबोता-सान म्हणाले. “आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, ‘मी न पाहता ठीक म्हणालो.’ काय म्हणायचं?”

“मी न पाहता ठीक म्हणालो.”

“आवाज नाही आला.”

“मी न पाहता ठीक म्हणालो!”

जपानीत आपल्यासारखं तू आणि तुम्ही नसतं. पण कुबोता-सान मला ‘तू’च म्हणत होते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी मिरजेचा, प्रफुल्ल ढमढेरे. त्यांच्या तोंडी माझं ‘दामुदेरे’ झालं होतं. वडील रेल्वेत पॉइंट्समन. त्यांना साहेबानं शिवी दिली की ते घरी येऊन साहेबाला दुप्पट देत आणि निवांत जेवायला बसत. मला ते जमलं नाही. पुण्यात दोन वर्षं जपानी घोकून, डिप्लोमा पदरात पाडून मी ओसाकाच्या दक्षिणेकडच्या एका लहानशा खासगी रेल्वेच्या डेपोत दोन वर्षांसाठी शिकाऊ म्हणून गेलो होतो. सव्वीस वर्षांचा होतो. गल्लीत माझा सत्कार झाला होता, नारळ आणि शाल देऊन. आणि इथे रोज सकाळी साडेसातला बावीस माणसांसमोर मी ते वाक्य म्हणत होतो. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर बरं झालं असतं.

सात दिवस ते वाक्य म्हणालो. आठव्या दिवसापासून मी कुबोता-सानवर डूख धरला.

ज्या डब्याखाली हे घडलं, ती गाडी त्या वर्गातली शेवटची होती. पस्तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या जाड पोलादी गाड्या, भगव्याकडे झुकणारा नारिंगी रंग, छताला पंखे, आणि सुटताना मोटारींचा असा काही घरघराट की फलाटावर बोलणारी माणसं वाक्य अर्धं सोडून गाडी जाईपर्यंत थांबत. गावातले लोक तिला गाजर म्हणत. एके काळी अशा बत्तीस गाड्या सकाळ-संध्याकाळ कारखान्यांची माणसं वाहत होत्या. मग चकचकीत, हलक्या, निम्मी वीज खाणाऱ्या नव्या गाड्या आल्या आणि गाजरं एकेक करून निघाली. काही बोटीनं परदेशी गेली, बाकीची आमच्याच यार्डाच्या टोकाला कापली गेली. आता तीन डब्यांचं एकच गाजर उरलं होतं. मार्चमध्ये त्याची प्रवाशांची शेवटची फेरी झाली, त्यानंतरच्या रविवारी ते शेडमधून निघून कापायच्या रुळावर जाणार होतं. आठशे मीटर. बस्स.

तिथल्या लोकांना जुन्या गाड्यांचं भारी वेड. त्या आठशे मीटरसाठीही कुंपणाबाहेर शेकडो माणसं कॅमेरे घेऊन उभी राहणार होती. आणि ती आठशे मीटर गाडी कोण नेणार, हे सगळ्या डेपोला ठाऊक होतं.

मला ते कळलं कुबोता-सानच्या बायकोकडून. सोमवारी दुपारी त्या विसरलेला जेवणाचा डबा घेऊन फाटकाशी आल्या. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. फुसाए त्यांचं नाव. मी डबा घ्यायला गेलो तर त्यांनी मला चारदा वाकून नमस्कार केला.

“तुम्हीच दामुदेरे-सान का? घरी रोज तुमचं नाव निघतं.”

“माझं?” मला घाम फुटला. “काय म्हणतात?”

“म्हणतात, पोरगा हुशार आहे, पण घाईचा आहे. घाई काढली की सोनं आहे.” त्या हसल्या. “तोंडावर म्हणणार नाहीत कधी. तुमच्यावर फार ओरडतात ना?”

“नाही, नाही.”

“ओरडतात. मला माहीत आहे. रविवारचं ऐकलंत ना? ते गाजर नेणार आहेत. अंघोळीच्या टबात बसून सिग्नल म्हणत असतात. शेजारचे हसतात. एक नंबर, मोकळा! दोन नंबर, मोकळा! बावीस वर्षांनी हँडल हातात येणार आहे त्यांच्या.”

“बावीस वर्षांनी? म्हणजे ते आधी...”

“ड्रायव्हर होते की! याच गाजराचे.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही? माझ्यामुळे गेलं ते. मुलगी झाली तेव्हा मी बाळंतपणाहून परत येत होते. यांची गाडी कुठल्या वेळेला येते ते मला पाठ होतं. म्हटलं, बाळ दाखवावं. म्हणून फलाटाच्या टोकाला बाळाला घेऊन उभी राहिले. यांनी बाळाकडे पाहिलं, आणि गाडी थांबायच्या खुणेच्या पुढे गेली. एक डबा पुढे. मागे घेऊन दारं उघडेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद उशीर झाला.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरून,” त्या म्हणाल्या. “मला एक शब्द बोलले नाहीत आजवर. बोलले असते तर बरं झालं असतं. आता महिनाअखेरीला निवृत्तच होतायत. रविवारी मी मुलीला घेऊन कुंपणाशी येणार आहे. तिनं वडलांना गाडी चालवताना पाहिलेलंच नाही. म्हणजे एकदाच, दहा दिवसांची असताना.”

मी डबा नेऊन दिला. कुबोता-सान म्हणाले, “उशीर झाला.” आभार नाहीत, काही नाहीत. सोनं म्हणे! मला काय करायचंय तुमच्या घरातल्या कौतुकाचं? कौतुक घराच्या चार भिंतींत आणि अपमान मात्र बावीस माणसांत, हा कुठला न्याय? मी त्या दिवशी खरोखर असाच विचार केला. बाईंची गोष्ट ऐकून माझं मन विरघळलं वगैरे काही नाही.

मंगळवारी डेपोच्या प्रमुखांनी, म्हणजे आमच्या शोचोंनी, मला खोलीत बोलावलं. इवासे त्यांचं नाव. पन्नाशीचा, गुळगुळीत माणूस. आवाज कधी चढायचा नाही. ते एके काळी कुबोता-सानच्याच गाडीवर गार्ड होते. तो बाळाचा प्रसंग घडला तेव्हाही तेच होते, आणि उशिराचा अहवाल त्यांनीच लिहिला होता. अर्थात हे मला पुढे कळलं.

“दामुदेरे-कुन, यार्डात गाडी चालवायचा परवाना तू गेल्या महिन्यात काढलास. शाब्बास. आता रविवारच्या आधी कुबोता-सानची चाचणी घ्यावी लागेल. बावीस वर्षं हँडल धरलेलं नाही त्यांनी. नियम आहे.”

“हो, शोचो.”

“चाचणी तू घे.”

“मी? ते माझे शिक्षक आहेत.”

“म्हणूनच. इथल्या कुणाला अडतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या कागदावर फुली मारता येणार नाही. लाज वाटेल. तू बाहेरचा आहेस.” त्यांनी हसून कागद पुढे सरकवला. “चूक दिसली नाही तर लिहू नकोस. दिसली तर मात्र लिही. कुबोता-साननीच शिकवलंय ना तुला पाहायला?”

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी कशी झाडतात, ते मी पूर्वी ऐकून होतो. तो खांदा आपला असला की कळत नाही एवढंच. उलट माझी छाती फुगली. शोचोंनी कागद कसा भरायचा ते समजावलं, आणखी एकदोन बारीकसारीक कामं सांगितली, आणि मी वाकून बाहेर आलो.

चाचणी शुक्रवारी सकाळी नऊला होती.

कुबोता-सान आले ते पांढरे हातमोजे घालून. मोज्यांना इस्त्री होती. केबिनच्या दाराशी त्यांनी बूट पुसले, आत आले, आणि बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर एकदा हात ठेवला. मी मागे उभा राहिलो, पाटीवर कागद लावून. मला वाटलं होतं मला पाहून ते काहीतरी टोचून बोलतील. ते वळून कमरेत वाकले आणि म्हणाले, “कृपा करून चाचणी घ्यावी.”

तेही मला आवडलं नाही. ज्याचा राग धरायचा त्यानं असं वागू नये.

डावा हात हँडलवर, उजवा ब्रेकवर. घरघर सुरू झाली आणि गाजर शेडमधून उन्हात आलं. आता खरं सांगायचं तर, मी अशी गाडी चालवलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. तो माणूस अंगात वारं आल्यासारखा बदलला. पाठ सरळ झाली. आवाज तरुण झाला.

“एक नंबर, मोकळा!” हात खांद्याच्या रेषेत, बोट सिग्नलवर, नजर बोटाच्या टोकाला. मी खूण केली.

“दोन नंबर, मोकळा!” खूण.

तीनवर सिग्नल लाल होता. ब्रेक इतका हलका लागला की गाडी थांबली ते मला खिडकीबाहेर पाहिल्यावर कळलं. “तीन नंबर, थांबा!” खूण. सिग्नल उघडला. चार, पाच, सहा. सगळ्या चौकटीत खुणा. माझ्या कागदावर निर्भेळ यश मिळत होतं त्यांना, आणि मला आत कुठेतरी जळत होतं.

मग डावीकडे वळण आलं, वळणानंतर सात नंबर.

सात नंबर तिथे नव्हता. कापायच्या क्रेनला जागा हवी म्हणून आदल्या दिवशी दुपारी खांबच उपटून नेला होता. हातभर खड्डा आणि उकरलेली तांबडी माती तेवढी होती. समोर लख्ख ऊन.

कुबोता-साननी हात उचलला. बोट बरोबर तिथे रोखलं, जिथे तीस-पस्तीस वर्षं खांब होता.

“सात नंबर, मोकळा!”

आणि गाडी खड्ड्यावरून पुढे गेली.

माझं पेन थांबलं. मला आनंद झाला. आज कशाला खोटं बोलू, उकळी फुटावी तसा आनंद झाला. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. ती चौकट मी नुसती आडवी रेघ मारून सोडली असती, ‘सिग्नल नाही’ म्हणून, तर कुणाला काही कळलं नसतं. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: ‘नसलेल्या सिग्नलला मोकळा म्हणाले. न पाहता.’

गाडी परत शेडमध्ये लागली. त्यांनी हँडल काढून ठेवलं, मोजे काढले. कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर हसू. सव्वा वर्षात मी ते पहिल्यांदा पाहत होतो.

“किती चुका?” त्यांनी विचारलं.

“एक.”

“कुठली?”

“सात नंबर.”

“सातला काय झालं? हात खाली होता का?”

“सात नंबर नाहीये, कुबोता-सान. काल काढला.”

ते केबिनमधून उतरले आणि रुळाच्या कडेनं वळणापर्यंत चालत गेले. मी शेडच्या दारातून पाहत होतो. खड्ड्यापाशी ते उभे राहिले. बराच वेळ उभे होते.

अकरा वाजता शोचोंच्या खोलीत आम्ही तिघं होतो. शोचोंनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला.

“वाईट झालं,” ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं नव्हतं. कुंपणाबाहेर कॅमेरे, वर्तमानपत्रांचे लोक आणि केबिनमध्ये बावीस वर्षांपूर्वी उतरवलेला ड्रायव्हर, हे त्यांना पहिल्यापासूनच नको होतं. “पण एक गोष्ट पाहायला हवी. कुबोता-सान, सात नंबर काढल्याची चिठ्ठी मिळाली होती ना?”

आता चिठ्ठीचं सांगतो. यार्डात काहीही हललं, खांब असो की दिवा, तर आदल्या दिवशी सकाळच्या हजेरीला ते वाचून दाखवत. जो सुट्टीवर असेल त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची, त्यानं वाचून आपला नावाचा शिक्का मारायचा आणि चिठ्ठी शोचोंकडे परत जायची. बुधवारी कुबोता-सानची साप्ताहिक सुट्टी होती. गुरुवारी ते दिवसभर शेडमध्ये डब्यांखाली होते, यार्डाच्या त्या टोकाला गेलेच नव्हते. आणि चिठ्ठी त्यांना पोचवायचं काम शोचोंनी मंगळवारीच ज्याच्यावर सोपवलं होतं, तो मीच.

चिठ्ठी माझ्या विजारीच्या खिशात होती. चार घड्या केलेली.

मी ती विसरलो नव्हतो. गुरुवारी सकाळी ते माझ्यासमोरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा माझा हात खिशात होता. मला वाटलं होतं, ऐन चाचणीत ते अडखळतील, ‘सात कुठे गेला?’ म्हणून मला विचारतील, आणि एकदा तरी मला त्यांना सांगायला मिळेल. एवढंच हवं होतं मला. ते न पाहता बोलतील, असं मला वाटलं नव्हतं. कुबोता-सान न पाहता बोलतील असं कुणालाच वाटलं नसतं.

“मला चिठ्ठी मिळालेली नाही,” कुबोता-सान म्हणाले.

शोचो माझ्याकडे वळले. “दामुदेरे-कुन?”

तेव्हा बोलायचं होतं. नुसता हात खिशात घालायचा होता. चाचणी सोमवारी पुन्हा घेता आली नसती, पण शनिवार होता ना मध्ये.

“दिली होती, शोचो,” मी म्हणालो. “गुरुवारी सकाळी. डब्याखालीच होते ते. वाचतो म्हणाले.”

कुबोता-साननी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. बोल्टावरची पांढरी रेघ पाहावी तसं पाहिलं, नीट, जवळून.

“वय झालं की असं होतं,” शोचो हळुवारपणे म्हणाले. “माणूस ठेवतो कुठे, शोधतो कुठे. अडतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला खोटारडा कोण म्हणेल? विसरले असाल.”

“विसरलो नाही. मला मिळाली नाही,” कुबोता-सान म्हणाले. “पण त्यानं काही फरक पडत नाही. चिठ्ठी नव्हती तरी डोळे होते. खांब नव्हता, आणि मी मोकळा म्हणालो. कागद बरोबर आहे. कागदावर शिक्का मारा.”

शोचोंनी लगेच शिक्का मारला.

सापही मेला आणि काठीही मोडली नाही. कुबोता-सानना निवृत्तीपर्यंतचे उरलेले दिवस ‘पुनर्शिक्षण’ लागलं. म्हणजे सकाळी चुकीबद्दल एक पान लिहायचं, हजेरीला उभं राहून ते वाचायचं, आणि मग दिवसभर रुळांच्या कडेचं गवत उपटायचं. शनिवारी सकाळी ते पुढे उभे राहिले. हातातला कागद त्यांनी वाचलाच नाही, एकच वाक्य म्हणाले आणि जागेवर गेले. कुठलं वाक्य, ते मला ऐकायची गरज नव्हती. बावीस माणसं त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

हजेरी सुटल्यावर शोचोंनी मला थांबवून घेतलं. “उद्या गाडी तू ने. परवाना आहे तुझ्याकडे. परदेशी पाहुणा शेवटचं गाजर नेतोय, छान दिसेल.”

मी नाही म्हणालो नाही. एकदाही म्हणालो नाही.

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. कुंपणाला माणसं दाटून उभी होती, पोरं बापांच्या खांद्यावर. मी नवे पांढरे मोजे चढवले आणि खुर्चीत बसलो. मागे शोचो, पाटीवर कागद लावून. नियम म्हणजे नियम. घरघर सुरू झाली तशी कुंपणाबाहेरून मोठा आवाज उठला. लोक टाळ्या वाजवत होते, काही रडत होते.

“एक नंबर, मोकळा! दोन नंबर, मोकळा!” माझा आवाज छान लागला होता. मागून पेनाचा आवाज येत होता. तीन, चार, पाच, सहा. गाडी माणसाच्या चालीनं जात होती. वळण आलं.

वळणाच्या पुढे उकरलेल्या मातीत एक माणूस उकिडवा बसून गवत उपटत होता. त्यांना तिथेच बसवलं होतं. गाडी आली की रुळाकडेच्या माणसानं काम थांबवून उभं राहायचं आणि गाडी पाहिल्याची खूण म्हणून हात वर करायचा, असा नियम आहे. कुबोता-सान उठले. डोक्यावर गवत काढणाऱ्यांची रुंद कडेची टोपी, हातात मातीचे मोजे. ते खड्ड्याच्या बाजूला, जिथे खांब होता बरोबर तिथे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

आणि माझा हात उठला. शपथेवर सांगतो, मी उचलला नाही, तो उठला. बोट सरळ त्यांच्या छातीवर रोखलं गेलं.

“सात नंबर, मोकळा!”

मागे पेन कागदावर टेकलं. शोचोंनी खूण केली. बरोबरची.

खिडकी उघडी होती. कुबोता-साननी ऐकलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

त्याच वेळी त्यांच्या पाठीमागे, कुंपणापाशी मला ओकुसान, म्हणजे त्यांच्या बायको, दिसल्या. बाजूला बावीस वर्षांची मुलगी. कुबोता-साननी घरी काही सांगितलेलं नव्हतं. केबिनच्या काचेवर ऊन पडलं होतं, बाहेरून पांढऱ्या मोज्यांशिवाय काही दिसत नसणार. ओकुसान दोन्ही हात वर करून हलवत होत्या, लहान मुलीसारख्या टाचा उंचावून. मुलगी ओरडत होती, “बाबा! बाबा!”

मी पांढरा मोजा वर केला आणि हात हलवला.

कुबोता-साननी माझा हलणारा हात पाहिला. मान वळवून, मी कुणाला हात करतोय ते पाहिलं. त्यांनी बायकोला पाहिलं, मुलीला पाहिलं. त्या दोघी त्यांच्यापासून तीस पावलांवर होत्या आणि गवत काढणाऱ्या माणसाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी टोपी पुढे ओढून घेतली, कुंपणाकडे पाठ केली आणि खाली बसून पुन्हा गवत उपटायला लागले.